वरचे आणि खालचे

धारगळात महामार्गालगत महाखाजन नावाचा एक वाडा आहे. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नव्हता. आम्हाला तो गेल्या वर्षी आमच्या नातवाला सांगावा लागला. भरतीच्या पाण्याखाली जाणारी, परंतु माणसाने बांध घालून खाडीकडून मागून घेतलेली भातजमीन म्हणजे खाजन, एवढे आम्ही सांगितले. त्यावर त्याने विचारले, ‘आणि खाडीने ती परत मागितली तर?’ आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढे बरेच दिवस तो प्रश्न मनातून गेला नाही, आणि या अंकासाठी लिहावे असा संपादकांचा निरोप आला तेव्हा दुसरा विषय सुचेना.

हल्ली सरकारी कागदांत एक वाक्य वारंवार वाचावयास मिळते. ग्रामीण समाजाला हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी परिसंस्थेच्या व्यवस्थापनातून साहाय्य करावे, अशा अर्थाचे ते वाक्य असते. आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये या कल्पनेची व्याख्या केली, तेव्हापासून ती जगभर फिरत आहे. कल्पना सोपी आहे. पूर आला म्हणून नुसती सिमेंटची भिंत घालावयाची नाही; ज्या खारफुटीने, ज्या पाणथळीने, ज्या रानाने पूर आवरला असता ते राखावयाचे, आणि त्याच्या आधाराने माणसांनी टिकून राहावयाचे. यात खोट काढण्यासारखे काही नाही. अडतो तो ‘साहाय्य’ हा शब्द. उभी हयात सरकारी टिपणे लिहिण्यात गेल्यामुळे असे शब्द दिसले की आम्ही थबकतो. साहाय्य म्हटले की एक देणारा आला, एक घेणारा आला. येथे देणारा कोण? आणि तो जे देतो ते त्याचे स्वतःचे आहे काय? मराठीत मदत, दान, उपकार आणि ऋणफेड हे चार वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवण्यात पूर्वजांनी काही शहाणपण दाखवले असावे.

आधी खाजनाकडे पाहू. कारण परिसंस्थेचे व्यवस्थापन ही काही आपल्याकडे बाहेरून आलेली विद्या नव्हे. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचे मानले जाते. मांडवी, झुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्यांच्या मुखांकडे, जेथे गोडे आणि खारे पाणी दिवसातून दोनदा एकमेकांत शिरते, तेथे चिखलमाती, जांभा दगड आणि पेंढा यांचे बांध घालून ही शेती उभी राहिली. बांधाच्या बाहेर खारफुटी राखलेली असे. चिपी आणि कांदळ यांच्या मुळांत लाटेचा जोर मोडे आणि बांधाला धक्का कमी बसे. बांधात जागोजाग ‘मानस’ असे. मानस म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटत; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडत, आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी नदीला मिळे. आत सखल भागी ‘पोंय’, म्हणजे पाणी साठण्याची आणि मासळी वाढण्याची जागा; त्याहून किंचित उंच भाताच्या मळ्या. कोरगुट हे भात थोडा खारटपणा सोसणारे. पुढे जुने गोवे येथील एला संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी खाऱ्या जमिनीसाठी नवी वाणे तयार केली तीही या कोरगुटातूनच निवडलेली.

हे यंत्र इंजिनाशिवाय चाले, मात्र माणसांशिवाय चालत नसे. बांधाला उंदीर आणि खेकडे बिळे पाडतात. एक बीळ वेळीच बुजवले नाही तर दोन भरत्यांत त्याचे भगदाड होते आणि शंभर कुटुंबांच्या शेतात खारे पाणी शिरते. ते शिरले की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पीक नाही. म्हणून बांधाची राखण ही कोणा एकाची नसे. गावकरीच्या व्यवस्थेत ती सर्वांची होती, आणि कसणाऱ्यांचे ‘बौस’ नावाचे संघ त्यासाठी असत. बांध फुटला की हाक द्यावयाची, आणि ज्याचे शेत तेथे नाही त्यानेही फावडे घेऊन जावयाचे, अशी रीत आम्ही जुन्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे. येथे साहाय्य करणारा आणि घेणारा असे दोन पक्षच नव्हते. त्या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे मात्र कोणी समजू नये. फावडे कोणाच्या हाती आणि वाटा कोणाच्या घरी, याचा हिशेब आपल्या घराण्यांनी फार उकरून काढू नये हेच बरे.

आता नातवाचा प्रश्न. खाडी आपली जमीन खरोखरच परत मागू लागली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि त्यातल्या शेवटच्या बारा वर्षांत ती दरवर्षी सुमारे ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढत होती, असे हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो. वितीएवढी वाढ, वाचणाऱ्याला ती क्षुल्लक वाटेल. मानशीला ती क्षुल्लक नाही. मानस उघडते ती बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खाली गेल्यावर. बाहेरची पातळी थोडी जरी कायमची वर राहिली, तरी दारे उघडी राहण्याचा वेळ तेवढा घटतो. त्याच सुमारास आभाळातून येणारे पाणी मात्र थोड्या तासांत फार येऊ लागले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शापोऱ्याच्या वरच्या अंगाच्या इब्रामपूर, हसापूर, चांदेल या गावांनी पूर पाहिला. २०१९ मध्ये डिचोलीतील साळही पाण्यात होते. २०२४ चा पावसाळा तर गोव्याच्या नोंदीतल्या सर्वाधिक पावसाळ्यांपैकी एक ठरला. वरून लोंढा आणि खालून भरती अशा दोन पाण्यांत खाजन सापडते. दारे मिटलेली, आत पाणी चढत चाललेले, आणि बांधावर उभा असलेला माणूस ओहोटीची वाट पाहत असलेला, हे चित्र पुढे अधिक वेळा दिसणार आहे.

परंतु येथवर आम्ही खाजनाकडे खाजनातूनच पाहिले. पेडणे महालाची जमीन खालून वर पाहावी लागते. खाडी, खाजन, मग सरद शेती, मग उतारावरची काजूची आणि माडाची बागायत, आणि सर्वांवर जांभ्याचा सडा. उन्हाळ्यात सड्यावर पाय भाजतात. नवखा माणूस त्याला पडीक समजतो, आणि सरकारी दप्तरातही तशी नोंद करण्याची चूक पूर्वीपासून होत आली आहे. प्रत्यक्षात जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढचे कित्येक महिने ते उतारावरच्या झरींतून थेंबाथेंबाने सोडतो. सड्यावर आणि उतारावर झाड-झुडूप आहे तोवर पाऊस मुरतो. ते गेले, जमीन सपाट करून डांबर वा काँक्रीट घातले, की तोच पाऊस तासाभरात खाली येतो. म्हणजे आषाढात खालच्याचे शेत बुडते आणि फाल्गुनात त्याचीच विहीर आटते. बांध कितीही चांगला राखला, तरी पाणी किती आणि कधी येणार हे बांधावर ठरत नाही. ते वर ठरते.

आणि वर कोण आहे? वर आपण आहोत.

हे थोडे उलगडून सांगावे लागेल. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला त्याच्या आधीपासून आपल्यापैकी अनेक घराणी येथे आहेत. कोणी सावंतवाडीच्या अमलात कामगिरीवर आले, कोणी देवस्थानाच्या निमित्ताने, कोणी घाटावरून. त्या घराण्यांकडे खालचे शेत, मधली बागायत आणि वरचा डोंगर असे तिन्ही असे. खालच्या शेताचे खंड त्यांच्या कणग्यांत येई, म्हणून डोंगर राखणे त्यांच्या हिताचे होते. झर आटली तर खंड बुडे. आपल्या आजोबांनी डोंगर राखला तो ते पुण्यवान होते म्हणून, असे आपण समारंभांत सांगतो; खरे कारण कणगीत होते. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ मध्ये कुळांच्या संघटनांवर बांधाची जबाबदारी टाकणारे नियम आले, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याला जमीन मिळण्याचा मार्ग खुला केला. तो कायदा न्याय्य होता असे आम्ही मानतो. तसे मानल्याबद्दल त्या काळी घरात वडिलांची बोलणीही खाल्ली आहेत. परंतु त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नाही. खाली शेत कुळाचे झाले, वर डोंगर आपला राहिला. वरच्याच्या कणगीचा आणि खालच्याच्या झरीचा जो धागा होता तो तुटला. आज डोंगर विकला, खणला, सपाट केला, तर आपले एक पायलीचेही नुकसान होत नाही. ज्याचे होते त्याला विचारण्याचे कायद्याने आपल्यावर बंधन नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने म्हटले होते की माणूस स्वतःच्या कलाने किंवा लाभाने जे चांगले करतो त्याची नैतिक किंमत ठरवणे अवघड. लाभ संपला आणि तरीही तो ते करतो, तेव्हा त्याला कर्तव्य म्हणता येते. महाविद्यालयात हे वाचले तेव्हा आम्हाला ते रुक्ष वाटले होते. धारगळच्या उतारावर उभे राहून आता असे वाटते की आपल्या घराण्यांच्या शेकडो वर्षांच्या वास्तव्यात डोंगर राखण्याचा प्रश्न प्रथमच निव्वळ कर्तव्याचा झाला आहे. आजोबांना ती परीक्षा द्यावी लागली नव्हती.

येथे आमच्या नोकरीतील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कारण ती न सांगता दुसऱ्यांना कर्तव्य शिकवणे शोभणारे नाही. शापोऱ्याच्या काठच्या एका गावात पावसाळ्याच्या अखेरीस बांधाला भगदाड पडले. गावातली सात-आठ माणसे अर्ज घेऊन आमच्या टेबलापाशी आली. अर्ज विहित नमुन्यात नव्हता, सोबत नकाशा नव्हता, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या अपुऱ्या होत्या. आम्ही टिपण लिहिले: प्रस्ताव आवश्यक कागदपत्रांसह फेरसादर करावा. नियमाने ते अचूक होते. पुढे नकाशा आला, अंदाजपत्रक झाले, निविदा निघाली, ठेकेदार मिळाला नाही, पुन्हा निघाली. काम सुरू व्हावयास तिसरा पावसाळा उजाडला. तोवर आतल्या मळ्यांत खारफुटी रुजली होती, आणि ती तोडण्यास दुसऱ्या खात्याने मनाई केली. कायद्याने त्यांचेही बरोबरच होते. बाहेर जी झाडे बांधाचे रक्षण करतात, तीच आत आली की शेत मेल्याची खूण असते. कागदावर मात्र दोन्हीकडे ‘खारफुटी’ एवढाच शब्द असतो. ते शेत पुन्हा लागले नाही. त्या अर्जदारांपैकी एक म्हातारा नंतर आम्हाला बाजारात भेटला. तो रागावला नाही. त्याने विचारले, आम्ही पूर्वीसारखी हाक देऊन त्या रात्रीच माती टाकली असती तर चालले असते का? आम्ही म्हणालो, चालले असते. तो म्हणाला, मग आम्ही का टाकली नाही? सरकार करणार म्हणून.

ही गोष्ट आम्ही अनेक वर्षे सरकारी दिरंगाईची म्हणून सांगत होतो. ती तेवढीच नाही. साहाय्य करणारा आला की ज्याला साहाय्य मिळावयाचे तो आपले फावडे खाली ठेवतो. आणि साहाय्य करणारा उशिरा आला तर दोन्ही हातचे जाते. म्हणून सरकारने हात आखडते घ्यावेत असा अर्थ कोणी काढू नये. शापोऱ्याचा आजचा पूर फावड्यांनी आवरणारा नाही. पण बाहेरून येणाऱ्या साहाय्याने गावातले कोणते नाते मोडते, हे पाहिल्याशिवाय ते देणे धोक्याचे आहे.

आपल्या धर्मविचारात इष्टापूर्त नावाची जोडी आहे. इष्ट म्हणजे यज्ञादी कर्मे. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, धर्मशाळा, आमराया उभारणे. आपल्या घराण्यांना पूर्ताचा अभिमान फार. अमक्याने तळी बांधली, तमक्याने पायऱ्या घातल्या, दगडावर नाव कोरले. आजच्या भाषेत त्याला प्रकल्प म्हणतात, आणि नाव आता संगमरवरी फलकावर असते. परंतु पूर्तात जे येत नाही असे एक कर्म आहे: काहीच न करणे. डोंगर जसा आहे तसा राहू देणे. यासाठी दगड कोरता येत नाही, उद्घाटन होत नाही. पूर्वजांनी ही अडचण ओळखली असावी, आणि म्हणून देवराई निर्माण झाली. डिचोली, सत्तरीत आणि आपल्याकडेही देवाच्या नावाने रानाचे तुकडे राखलेले आहेत. तेथे कुऱ्हाड नेऊ नये, पडलेले लाकूडसुद्धा घरी आणू नये. न करण्याला देवाचे नाव दिले, तेव्हा कोठे ते करण्यासारखे झाले. खालच्या झरींना त्या रायांचा उपयोग होतो हे राखणाऱ्यांना ठाऊक असेल वा नसेल.

महाराष्ट्रात हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते ज्या अंगाने सांगितले जाते त्याहून वेगळ्या अंगाने पाहण्यासारखे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावात पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या पावसाचा सातवा-आठवा हिस्सा. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे चर खणले गेले, बंधारे झाले, श्रमदान झाले. पाहुण्यांना हे सारे दाखवतात. परंतु गावाने जे नियम स्वीकारले त्यांतले बहुतेक ‘बंदी’चे आहेत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी विंधनविहिरीला बंदी, आणि बाहेरच्या माणसाला जमीन विकण्यास बंदी. पाणी किती मुरले याचा हिशेब मांडून मग कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभेत ठरते. चर तर सरकारी योजनेतून कोठेही खणता येतात, आणि ते चार वर्षांत बुजलेलेही आम्ही पाहिले आहेत. हिवरे बाजारात टिकले ते बंद्यांमुळे, असे आमचे मत आहे. त्या बंद्या सर्वांत जड कोणाला गेल्या असतील? ज्याच्यापाशी विंधनविहीर खणण्याची ऐपत होती आणि विकण्याइतकी जमीन होती त्याला. भूमिहीनाला जमीनविक्रीच्या बंदीचे काय!

आता आक्षेप. ते आम्ही स्वतःच स्वतःला घेतलेले आहेत, म्हणून त्यांची धार आम्हाला ठाऊक आहे.

कूळ कायद्यात आपल्या घराण्यांनी शेते गमावली; उरलेल्या डोंगरावरही खालच्यांचा हक्क सांगावयाचा म्हणजे दुसऱ्यांदा लुबाडणे नव्हे काय, असे आमचे एक आप्त विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे की डोंगर कोणी मागत नाही. काजू आपला, लाकूड आपले, सावली आपली. मागणी एवढीच आहे की पाण्याची वाट मोडू नका. ज्या वस्तूचा आपण व्यय करू शकतो पण जी आपण निर्माण केलेली नाही, तिच्यावरील मालकी हक्क पूर्ण असतो काय, हा प्रश्न गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना मांडून फार पूर्वी विचारला. विनोबांनी १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूदान सुरू केले तेव्हा जमीनच मागितली होती. त्या मानाने ही मागणी किरकोळ आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. खाली शेती करतो कोण? कुळांची मुले मोपाच्या विमानतळावर, हॉटेलांत, किनाऱ्यावर कामाला जातात. मळ्या पडीक आहेत. मोपाचा सडा गेला म्हणून हळहळणारे आम्हीही मुलगा घरी यावयाचा असतो तेव्हा तेथेच त्याला आणावयास जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या मार्चमध्ये त्या प्रकल्पाची पर्यावरण परवानगी स्थगित केली होती आणि २०२० च्या जानेवारीत अटींसह स्थगिती उठवली; डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी आपल्या धारगळात आयुर्वेद संस्थेचेही. रोजगार आला हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण शेत पडीक पडले म्हणून खालच्याची विहीर पडीक पडत नाही. त्याला पाणी प्यावेच लागते, आणि पुरात त्याचे घर बुडतेच. शिवाय मळी पडीक का पडली, या प्रश्नाच्या उत्तरात मजुरीइतकाच पाण्याचाही वाटा आहे.

तिसरा आक्षेप असा: आम्ही एकट्याने राखून काय होणार? शेजारचा विकणारच आहे. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९अ ही कलमे आली, जमिनीचे क्षेत्र बदलून घेण्याची वाट त्यांनी सोपी केली असा आरोप होऊन गोवाभर वाद उसळला, तो आपण पाहिलाच. एक डोंगर राहिला आणि नऊ गेले तर झरही जाणार. याला आमच्यापाशी पुरेसे उत्तर नाही. गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लिहिले होते की सामायिक वस्तूचा नाश अटळ असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची चराऊ कुरणे, कालवे आणि मासेमारीची गावे अभ्यासून दाखवले की तो अटळ नाही. लोक एकत्र बसून नियम करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु ऑस्ट्रॉम यांच्या गावांत सर्वांचे हित एकाच कुरणात असे. वरच्या आणि खालच्याचे हित एकमेकांपासून तुटले असेल तर त्यांना एका ओसरीवर कोण बसवणार?

या ठिकाणी गोमंतकीय म्हणून आपल्याला एक गोष्ट लाजवणारी आहे. म्हादईच्या प्रश्नावर आपण सर्वजण पोटतिडकीने बोलतो. कर्नाटक वर आहे, आपण खाली. वरच्याने प्रवाह वळवला तर खालच्याची शेती, मासळी, रान मरेल, म्हणून वरच्याने हात आवरावा, हे आपले म्हणणे. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला, तंटा अजून न्यायालयात आहे. वरच्याने खालच्याला विचारल्याशिवाय पाण्याला हात लावू नये, हा नीतिनियम आपण अखिल भारताला ऐकवला. तिळारीच्या बाबतीत तर आपण त्यासाठी करार केला: धरण महाराष्ट्रात, पाणी दोघांना, आणि १९९० च्या करारानुसार खर्चाचे ७३.३० टक्के गोव्याने द्यावयाचे. राज्याराज्यांत जे आपल्याला एवढे स्वच्छ दिसते, ते आपल्याच उतारावर, आपल्याच वाड्याच्या खालच्या घराबाबत का दिसू नये? तेथे आपण वरचे असतो, एवढेच त्याचे कारण असावे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की हवामानबदलाच्या काळात गावाला करावयाचे साहाय्य हे प्रथम उपकारात मोडत नाही, ऋणात मोडते. बांधाला निधी, मानशीला नवी दारे, खारट पाणी सोसणारे बियाणे, पुराचा वेळेवर इशारा, हे सारे सरकारने दिलेच पाहिजे, आणि जलद दिले पाहिजे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना संरक्षण देऊन त्यांचा व्यवस्थापन आराखडा करण्याचे कलम घातले गेले होते. अशा कलमांचा पाठपुरावा करण्यास आपल्यातले निवृत्त अधिकारी, वकील, शिक्षक उपयोगी पडू शकतात. पण हे सारे करून वर आपला डोंगर खणावयास दिला, तर एका हाताने बांध घालून दुसऱ्या हाताने त्याला बीळ पाडल्यासारखे होईल.

आमच्या स्वतःच्या बाबतीत सांगावयाचे तर गोष्ट अशी. धारगळच्या उतारावर आमच्या वाट्याला काजूचा एक तुकडा आहे. त्याच्या पायथ्याशी झर आहे. तिचे पाणी पाटाने खाली आमच्या जुन्या कुळाच्या मळीत जाते. त्याचा धाकटा मुलगा तेथे पावसाळ्यानंतर मिरची आणि चवळी लावतो. मागील दिवाळीनंतर एक दलाल घरी आला आणि त्याने जी रक्कम सांगितली ती आमच्या सबंध नोकरीच्या पगारापेक्षा मोठी होती. आम्ही नाही म्हटले नाही. विचार करून कळवतो म्हटले. मोठेपणा घेण्यासारखे त्यात काही नाही, म्हणून ते येथे लिहून ठेवतो. दोन्ही मुले बाहेर आहेत, त्यांचा हिस्सा आहे, आणि त्यांची घरे व्हावयाची आहेत. फोनवर थोरल्याने विचारले की झर सातबारावर आहे का. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. गोव्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तरी ती नाही.

दलालाची गाडी वाड्यावर सर्वांनी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी कुळाचा मुलगा आला. ओसरीवर बसला, चहा घेतला, काजूच्या मोहोराबद्दल बोलला. उठताना खाली पाहून म्हणाला, ‘उदक खंयच्यान येतलें?’ विकू नका असे तो म्हणाला नाही; तसे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे असे त्याला वाटत नसावे.

चतुर्थीला मुले येतील तेव्हा सर्वांनी बसून ठरवावयाचे आहे. त्या बैठकीला त्यालाही बोलवावे असे आमच्या मनात आहे. घरातून त्याला होकार मिळालेला नाही. तोवर मे महिन्यात झरीच्या कुंडातला गाळ काढावयाचा आहे. त्याने आपल्याकडची दोन माणसे सांगितली आहेत, आमच्याकडचे एक.